जनुक उपचार आणि वैद्यकीय व्यावसायिक : ज्ञान आणि दृष्टिकोन यांचा इतिहास

प्रस्तावना

या पाठाची सुरुवात आपण एका कल्पित प्रसंगाने करू. असा प्रसंग आज देशातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात घडू शकतो. सिकलसेलचा आजार असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई बाह्यरुग्ण विभागात आली आहे. तिने मोबाइलवर एक बातमी पाहिली आहे. ती विचारते, "डॉक्टर, जीन बदलून हा आजार कायमचा बरा होतो म्हणतात. माझ्या मुलाला मिळेल का तो उपचार?"

डॉक्टर तीन प्रकारे उत्तर देऊ शकतात. "असं काही नसतं, बातम्यांवर विश्वास ठेवू नका" असे म्हणून ते विषय मिटवू शकतात. "हो, आता सगळं शक्य आहे, मोठ्या शहरात जा" असे सांगून ते तिला आशेला लावू शकतात. किंवा ते पाच मिनिटे काढून नीट समजावू शकतात. असा उपचार खरोखर आहे आणि काही देशांत त्याला मान्यता मिळाली आहे. मात्र ती मान्यता बारा वर्षांवरील रुग्णांसाठी दिली गेली, त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत आहे. तोपर्यंत हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवायची नाही आणि ताप आला की लगेच दवाखान्यात यायचे, हे मात्र बदललेले नाही.

पहिल्या उत्तरात ज्ञान कमी पडते. दुसऱ्या उत्तरात थोडे ज्ञान आहे, पण जबाबदारी कमी पडते. तिसऱ्या उत्तराला दोन्ही लागतात. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात 'ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण' अशी त्रिसूत्री वापरून सर्वेक्षणे केली जातात. १९५० आणि १९६० च्या दशकांत कुटुंबनियोजनाच्या संदर्भात ही पद्धत रूढ झाली आणि पुढे ती इतर विषयांतही आली. जनुक उपचारांबद्दल डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि वैद्यकीय विद्यार्थी यांना किती माहिती आहे, त्यांना काय वाटते, हे आज याच पद्धतीने तपासले जाते. अशा सर्वेक्षणांमागे बहुधा एक गृहीतक असते : माहिती वाढली की दृष्टिकोन आपोआप सुधारतो. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. जनुक उपचार म्हणजे काय?

पुढील चर्चेसाठी तीन गोष्टी आधी समजून घ्या.

पहिली गोष्ट, उपचार देण्याची जागा. काही उपचारांत रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांत बदल करतात आणि त्या परत देतात. काही उपचारांत जनुक वाहून नेणारा विषाणू थेट शरीरात सोडतात. या विषाणूला वाहक म्हणतात. त्याची रोग निर्माण करण्याची क्षमता आधीच काढून घेतलेली असते.

दुसरी गोष्ट, बदलाचे स्वरूप. जुन्या पद्धतीत निकामी जनुकाच्या जोडीला एक चांगली प्रत घातली जाते. मूळ जनुक तसेच राहते. जनुक संपादनात, म्हणजे क्रिस्परसारख्या तंत्रात, डीएनएच्या ठरावीक जागी कापून बदल केला जातो.

तिसरी गोष्ट, बदलाची व्याप्ती. रक्त, यकृत, डोळा अशा कायिक पेशींतील बदल त्या रुग्णापुरता राहतो. शुक्रपेशी, अंडपेशी किंवा भ्रूण यांतील बदल पुढच्या पिढ्यांकडे जातो. या दुसऱ्या प्रकाराला बीजपेशीतील बदल म्हणतात आणि भारतासह बहुतेक देशांत तो उपचार म्हणून करण्यास मनाई आहे.

२. प्रश्नचिन्हाने झालेली सुरुवात

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार असल्याचे दाखवले. काही वर्षांत व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हिमोग्लोबिनमधील फक्त एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे हा आजार होतो, हे सिद्ध केले. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली. आजाराचे कारण इतके नेमके सापडल्यावर 'ही चूक दुरुस्त करता येईल का?' हा प्रश्न डॉक्टरांच्या मनात येणे स्वाभाविक होते.

१९७० च्या सुमारास अमेरिकी डॉक्टर स्टॅनफिल्ड रॉजर्स यांनी जर्मनीतील दोन बहिणींवर एक प्रयोग केला. या मुलींच्या शरीरात आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल साठत होते. सशांमध्ये आढळणाऱ्या एका विषाणूमुळे आर्जिनिनची पातळी कमी होते, असे रॉजर्स यांचे मत होते. तो विषाणू मुलींना देण्यात आला. उपयोग झाला नाही. तो विषाणू माणसाच्या शरीरात कसा वागतो, याची समज तेव्हा फारच अपुरी होती.

१९७२ मध्ये थिओडोर फ्रीडमन आणि रिचर्ड रॉब्लिन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मानवी आनुवंशिक आजारांवरील जनुक उपचारांबद्दल लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होते. जनुक उपचारांवर संशोधन व्हावे, पण पुरेशी समज येईपर्यंत माणसांवर प्रयोग करू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे या क्षेत्राच्या अगदी सुरुवातीलाच उत्साह आणि सावधगिरी एकाच लेखात एकत्र दिसतात. पुढच्या पन्नास वर्षांत हा तोल कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला झुकत राहिला.

३. १९८० : घाई

मार्टिन क्लाइन हे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील नामवंत रक्तविकारतज्ज्ञ होते. १९८० च्या जुलै महिन्यात त्यांनी थॅलेसेमियाच्या दोन रुग्णांवर जनुक उपचाराचा प्रयोग केला, एक जेरुसलेममध्ये आणि दुसरा नेपल्समध्ये. रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशी काढून, त्यांवर डीएनएची प्रक्रिया करून त्या परत देण्यात आल्या. त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठातील समितीने या प्रयोगाला मान्यता दिलेली नव्हती. शिवाय प्रत्यक्षात वापरलेला डीएनए हा ठरलेल्या योजनेपेक्षा वेगळ्या स्वरूपाचा होता. रुग्णांना फायदा झाला नाही. क्लाइन यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले आणि सरकारी संशोधन निधीही गमवावा लागला.

येथे थांबून विचार करा. क्लाइन यांच्याकडे ज्ञान कमी होते का? त्या काळात या विषयातले त्यांच्याइतके ज्ञान फार थोड्या डॉक्टरांकडे होते. 'ज्ञान' या भागात सर्वेक्षणाने त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. कमी पडला तो दृष्टिकोन. आपल्याला खात्री वाटते म्हणून समितीची वाट पाहण्याची गरज नाही, आणि आपल्याकडे परवानगी नसेल तर दुसऱ्या देशात जाता येते, असा तो दृष्टिकोन होता. नवे उपचार कमी देखरेखीच्या ठिकाणी नेण्याचा मोह वैद्यकशास्त्रात पुनःपुन्हा दिसतो. म्हणून भारतासारख्या देशातील विद्यार्थ्यांनी हे प्रकरण विशेष लक्षात ठेवावे.

या घटनेनंतर अमेरिकेत सार्वजनिक चर्चा वाढली. १९८२ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांच्या नैतिकता आयोगाने एक अहवाल प्रसिद्ध केला. कायिक पेशींवरील उपचार आणि बीजपेशींतील बदल यांत स्पष्ट फरक करण्याची सवय वैद्यकीय जगाला लागली, त्यात या अहवालाचा मोठा वाटा आहे.

४. १९९० : आशा आणि अतिशयोक्ती

१४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात चार वर्षांच्या आशांती डिसिल्व्हा हिला मान्यताप्राप्त चाचणीत जनुक उपचार देण्यात आला. एडीए नावाच्या विकराच्या अभावामुळे तिची रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ नव्हती. फ्रेंच अँडरसन, मायकेल ब्लेझ आणि केनेथ कल्व्हर यांच्या गटाने तिच्या रक्तातील टी पेशी काढून, त्यांत चांगले जनुक घालून त्या परत दिल्या. यावेळी सर्व समित्यांची मान्यता होती. मुलगी जगली, वाढली आणि शाळेत गेली.

ही बातमी जगभर 'जनुक उपचार यशस्वी' अशी पोहोचली. त्यातील एक तपशील मात्र अनेकांपर्यंत पोहोचला नाही. आशांतीला तोच विकर औषधाच्या रूपात आधीपासून टोचला जात होता आणि तो नंतरही चालू ठेवण्यात आला. त्यामुळे तिच्या सुधारणेत जनुकाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे करून सांगणे कठीण होते. औषध बंद न करण्याचा डॉक्टरांचा निर्णय मुलीच्या हिताचा होता. पण एखाद्या उपचाराचे यश म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी असा तपशील माहीत असावा लागतो.

पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेत शंभराहून अधिक चाचण्यांना मान्यता मिळाली. १९९५ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि आर्नो मोटुल्स्की यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या कामाचा आढावा घेतला. कोणत्याही चाचणीत रुग्णाला निश्चित फायदा झाल्याचे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. संशोधक आणि त्यांचे पुरस्कर्ते निकाल फुगवून सांगत आहेत आणि त्यामुळे लोकांचा विश्वास धोक्यात येईल, असा इशाराही समितीने दिला. हा इशारा पुरेसा ऐकला गेला नाही.

५. १९९९ : मौन

जेसी गेल्सिंगर हा अ‍ॅरिझोनातील अठरा वर्षांचा तरुण होता. त्याच्या यकृतातील एका विकराच्या कमतरतेमुळे रक्तात अमोनिया साठत असे. आहारावरील बंधने आणि औषधे यांच्या आधारे त्याचा आजार आटोक्यात होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जेम्स विल्सन यांच्या संस्थेच्या चाचणीत तो स्वेच्छेने सहभागी झाला. १३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याला अ‍ॅडिनोव्हायरस वाहकातून जनुक देण्यात आले. शरीरात प्रतिकारशक्तीची तीव्र प्रतिक्रिया उसळली, एकेक अवयव निकामी होत गेला आणि १७ सप्टेंबरला त्याचा मृत्यू झाला.

या चाचणीतून जेसीला स्वतःला फायदा होणार नव्हता. किती मात्रा सुरक्षित आहे, एवढेच त्यातून पाहायचे होते. या आजाराचे तीव्र रूप असलेल्या नवजात बालकांऐवजी प्रौढांवर चाचणी करण्याचे कारणही नैतिक होते : मरणासन्न बाळाचे आईवडील मोकळ्या मनाने संमती देऊ शकणार नाहीत, असा सल्ला देण्यात आला होता. म्हणजे संमतीचा विचारच झाला नव्हता असे म्हणता येत नाही.

चौकशीत जे पुढे आले ते वेगळे होते. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी जेसीच्या रक्तातील अमोनियाचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते. आधीच्या काही रुग्णांत यकृतावर झालेल्या परिणामांची माहिती नियामकांना वेळेवर दिलेली नव्हती. याच प्रकारच्या वाहकाची मोठी मात्रा दिल्यावर माकडे मेली होती, ही माहिती संमतीपत्रात नव्हती. विल्सन यांनी स्थापन केलेल्या कंपनीचे या तंत्रज्ञानात आर्थिक हितसंबंध होते. त्यानंतर देशभरातील अ‍ॅडिनोव्हायरस चाचण्यांची तपासणी झाली. ६९१ गंभीर घटनांपैकी फक्त ३९ घटना नियमाप्रमाणे तत्काळ कळवल्या गेल्याचे उघड झाले. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने सरकारशी तडजोड करून ५ लाख १७ हजार डॉलर भरले.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्या. ही केवळ एका प्रयोगशाळेची चूक नव्हती. वाईट बातमी लगेच न सांगण्याची सवय अनेक केंद्रांत पसरलेली होती. ती माहिती संबंधितांकडे होती. ती इतरांना देण्याची वृत्ती नव्हती. जेसीचे वडील पॉल गेल्सिंगर सुरुवातीला डॉक्टरांच्या बाजूने उभे राहिले होते. काय लपवले गेले हे कळत गेले तसा त्यांचा विश्वास उडाला, आणि पुढे ते चाचण्यांतील रुग्णांच्या संरक्षणासाठी बोलू लागले.

६. पॅरिस : अपाय झाल्यावर कसे वागावे?

त्याच वर्षी पॅरिसच्या नेकर रुग्णालयात अ‍ॅलन फिशर आणि मारिना काव्हाझाना-काल्व्हो यांच्या गटाने जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर चाचणी सुरू केली. २००० मध्ये पहिले निकाल प्रसिद्ध झाले. निर्जंतुक खोलीत राहावे लागणारी बालके घरी जाऊन सामान्य आयुष्य जगू लागली होती. येथे जनुक उपचाराचे यश स्पष्ट दिसत होते.

२००२ मध्ये त्यांपैकी एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. संशोधकांनी चाचणी थांबवली, नियामकांना आणि जगभरातील सहकाऱ्यांना कळवले आणि कारणाचा शोध घेतला. वाहक विषाणूने नवे जनुक मुलाच्या डीएनएमध्ये एलएमओ२ नावाच्या जनुकाजवळ घातले होते. त्यामुळे ते जनुक अवेळी कार्यरत होऊन पेशी बेसुमार वाढल्या होत्या. पुढे पॅरिसमधील एकूण चार मुलांना आणि लंडनमधील अशाच चाचणीतील एका मुलाला हा आजार झाला. पॅरिसमधील एका मुलाचा मृत्यू झाला.

अपाय दोन्ही ठिकाणी झाला. पण पॅरिसमधून मिळालेल्या माहितीमुळे पुढच्या पिढीचे अधिक सुरक्षित वाहक तयार झाले. जनुक कोठे जाऊन बसते हे तपासण्याची आणि अशा रुग्णांवर पंधरा वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अपाय लपला नाही, म्हणून त्यातून ज्ञान निर्माण झाले. दृष्टिकोन आणि ज्ञान यांचे नाते उलट दिशेनेही चालते, हे येथे दिसते : प्रामाणिक दृष्टिकोन नसेल तर पुढचे ज्ञान तयारच होत नाही.

७. उपचार प्रत्यक्षात आल्यावर

२०१२ मध्ये युरोपने ग्लायबेरा या जनुक उपचाराला मान्यता दिली. त्याची किंमत सुमारे दहा लाख युरो होती. वापरणारे रुग्ण जवळजवळ मिळाले नाहीत आणि २०१७ मध्ये तो बाजारातून गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील पहिल्या कार-टी उपचाराला आणि आनुवंशिक अंधत्वावरील लक्सटर्नाला मान्यता मिळाली. २०१९ मध्ये स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या बालकांच्या आजारावरील झोल्गेन्स्मा आले. किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवरील कॅसजेव्ही या क्रिस्परवर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता दिली. आपल्या प्रसंगातील आईने वाचलेली बातमी बहुधा हीच होती.

आता जनुक उपचाराचे ज्ञान फक्त संशोधकांपुरते ठेवून चालणार नव्हते. याचे एक उदाहरण पाहा. २०१२ मध्ये फिलाडेल्फिया येथे रक्ताचा कर्करोग असलेल्या एका लहान मुलीला कार-टी पेशी देण्यात आल्या. काही दिवसांत तिला प्रचंड ताप आला आणि ती अत्यवस्थ झाली. संसर्ग सापडेना. रक्ततपासणीत आयएल-६ हे दाह वाढवणारे रसायन खूप वाढलेले दिसले. त्याला रोखणारे टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी उपलब्ध होते. ते दिल्यावर मुलगी झपाट्याने सावरली. आज कार-टी घेतलेल्या रुग्णाला ताप आला तर पहिला फोन कोणाला करायचा, हे रात्रपाळीच्या परिचारिकेलाही माहीत असावे लागते. नाही तर साधा ताप समजून मौल्यवान तास वाया जातात.

दुसरीकडे, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील हे जियानकुई यांनी क्रिस्परने बदल केलेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. हे बीजपेशीतील बदल होते. संमतीपत्रात त्या प्रयोगाचे वर्णन एड्सची लस विकसित करण्याचा प्रकल्प असे केले होते. चिनी वैज्ञानिकांनीच जाहीर निषेध केला आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. क्लाइन यांच्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी तीच घाई अधिक प्रभावी साधन हाती घेऊन परत आली होती.

८. भारतातील चित्र

भारतात हा विषय तीन वाटांनी पोहोचला.

पहिली वाट किमतीची. २०२१ मध्ये मुंबईतील एका बाळासाठी सुमारे १६ कोटी रुपये लोकवर्गणीतून उभे राहिले आणि औषधावरील आयात कर सरकारने माफ केला. त्यानंतर देशभरातील अनेक कुटुंबांनी असेच आवाहन केले. याच वर्षी राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण आले. २०२२ मध्ये त्याखालील मदतीची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. कोटींची किंमत आणि लाखांची मदत यांच्यामधली दरी रुग्णाच्या कुटुंबाला समजावून सांगणे हे बालरोगतज्ज्ञांच्या वाट्याला आलेले नवे आणि अवघड काम आहे.

दुसरी वाट स्वदेशी संशोधनाची. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशी उपचारांच्या तुलनेत त्याची किंमत सुमारे एकदशांश आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आलोक श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी तीव्र हिमोफिलिया-ए असलेल्या पाच रुग्णांवर मूलपेशींमार्फत जनुक उपचार केला. त्याचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले; पाठपुराव्याच्या काळात पाचही रुग्णांना रक्तस्राव झाला नाही. हे निकाल आनंदाचे आहेत. पण रुग्ण पाचच होते, हेही त्याच वाक्यात सांगायला शिकणे म्हणजे १९९० चा धडा शिकणे होय.

तिसरी वाट नियमांची. मार्च २०१९ मधील नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांनी जनुक उपचाराची उत्पादने नवीन औषधांच्या व्याख्येत आणली. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जनुक उपचारांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बीजपेशींवरील जनुक उपचारांना त्यांत मनाई आहे. या नियमांची गरज का होती, हे समजण्यासाठी मूलपेशींचा अनुभव आठवावा. सिद्ध न झालेले मूलपेशी उपचार असाध्य आजारांच्या रुग्णांना पैसे घेऊन देण्याचे प्रकार भारतात वर्षानुवर्षे चालले आणि त्याविरुद्ध २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे अधिक स्पष्ट करावी लागली. 'जीन थेरपी' या नावाचाही असाच वापर होऊ शकतो. एखादा उपचार मान्यताप्राप्त आहे, नोंदणीकृत चाचणी आहे की दोन्ही नाही, हा फरक ओळखता येणे हे प्रत्येक डॉक्टरसाठी किमान ज्ञान आहे. येथे एक सोपी खूण सांगता येते : चाचणीतील प्रायोगिक उपचारासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील, तर थांबून चौकशी करावी.

सिकलसेलच्या बाबतीत ही जबाबदारी आणखी वाढते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपवणे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात येथील पाड्यांवर रुग्णांशी पहिला संवाद आशा कार्यकर्ती आणि परिचारिका करतात. जनुक उपचाराबद्दलचा प्रश्नही आधी त्यांनाच विचारला जाईल, आणि तो गोंडीत, भिलीत किंवा हलबीत विचारला जाईल.

९. नेमके काय माहीत असावे?

सर्वेक्षणातील प्रश्न बहुधा 'तुम्ही क्रिस्परबद्दल ऐकले आहे का?' अशा स्वरूपाचे असतात. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्या आहेत :

• वाहक विषाणूविरुद्ध रुग्णाच्या शरीरात आधीच प्रतिपिंडे असतील तर काही उपचार देता येत नाहीत. एकदा उपचार घेतल्यावर अशी प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून तोच उपचार पुन्हा देणे सहसा शक्य नसते.

• मूलपेशींवरील उपचारांपूर्वी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीमुळे पुढे अपत्यप्राप्तीवर परिणाम होऊ शकतो. हे आधी सांगितले पाहिजे.

• कायिक पेशींवरील उपचाराने रुग्ण बरा झाला तरी सदोष जनुक त्याच्या अपत्याकडे जाऊ शकते. म्हणून विवाहपूर्व आणि गर्भावस्थेतील समुपदेशनाची गरज संपत नाही.

• चाचणीचा पहिला हेतू ज्ञान मिळवणे हा असतो. रुग्णाला मात्र तो खास आपल्यासाठी दिलेला उपचार वाटतो. हा गैरसमज दूर करणे हे डॉक्टरचे काम आहे.

शेवटच्या मुद्द्याला आपल्याकडे विशेष वजन आहे. "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर" असे म्हणून अंगठा उठवणारा रुग्ण आपल्याला परिचित आहे. हा विश्वास डॉक्टरला मिळालेला मान आहे, तशीच ती जोखीमही आहे. ज्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला जातो, त्याला काही न सांगता पुढे जाणे सर्वांत सोपे असते.

समारोप

या इतिहासातून एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते. जनुक उपचारातील सर्वांत गंभीर चुका जनुकांची माहिती नसलेल्या डॉक्टरांनी केल्या नाहीत. क्लाइन, पेनसिल्व्हेनियातील संशोधक, हे जियानकुई हे सर्व जाणकार होते. घाई, अतिशयोक्ती आणि मौन यांतून त्या चुका झाल्या. दुसरीकडे, अज्ञानामुळे होणारी हानी निराळी असते आणि ती वर्तमानपत्रात येत नाही : कोणाला योग्य केंद्राकडे पाठवले जात नाही, कोणी खोट्या उपचारासाठी जमीन विकतो, कोणाचा ताप ओळखला जात नाही. म्हणून प्रशिक्षणात माहिती हवीच. पण त्यासोबत 'मला एवढे माहीत आहे आणि एवढे माहीत नाही' असे रुग्णाला सांगण्याचा सरावही हवा.

तुमच्यापैकी काही जण उद्या डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते होतील. इतर अनेक जण पत्रकार, शिक्षक, वकील किंवा रुग्णाचे नातेवाईक असतील. सुरुवातीच्या प्रसंगातील आईचा प्रश्न कधी ना कधी तुमच्यापर्यंत येईल. तिसरे उत्तर देण्याची तयारी आतापासून करा.

स्वाध्याय

१. मार्टिन क्लाइन आणि हे जियानकुई यांच्या प्रकरणांतील साम्ये आणि फरक लिहा.

२. पेनसिल्व्हेनिया आणि पॅरिस येथील चाचण्यांत अपाय झाल्यानंतरच्या वर्तनाची तुलना करा. त्याचा पुढील संशोधनावर काय परिणाम झाला?

३. 'माहिती वाढली की दृष्टिकोन सुधारतो' या विधानाची या पाठातील उदाहरणांच्या आधारे चर्चा करा.

४. सुरुवातीच्या प्रसंगातील आईला तुम्ही काय सांगाल, ते तुमच्या मातृभाषेत, एकही तांत्रिक शब्द न वापरता, दहा वाक्यांत लिहा.